तोंड बंद, पाय चालू

४ ऑगस्ट

धाकटे,

माझ्या संघाच्या कर्णधाराने काल माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. कशाला हवा विचारलं, तर म्हणाली, "असंच, मॅडम." मुली 'असंच' म्हणतात तेव्हा काहीतरी शिजत असतं, एवढं तर इतकी वर्षं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल खेळवून मला कळतं. पत्ता मी दिला नाही. पण ती कुठून तरी मिळवेल आणि तुला काहीबाही कळवेल. त्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून हे पत्र. नाहीतर वर्षभर पाळलेला अबोला पुढेही पाळला असता. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच तोडतेस. पत्र शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तर झालं ते असं. गेल्या आठवड्यात आमच्याच हॉलमध्ये सरावाचा सामना होता. आमच्या संघात यंदा एक नवी मुलगी आली आहे. दारातून येताना वाकते, म्हणून बाकीच्या तिला जिराफ म्हणतात. स्वभावाने गरीब, पण रिंगखाली उभी राहिली की भिंत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ही जिराफ आपली जागा सोडून मध्यरेषेपाशी रेंगाळताना मला दिसली. मी ओरडले, "जागेवर जा! उजवा कोपरा!" ती मुकाट्याने गेली आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

ती जिराफ नव्हती. समोरच्या संघाची मुलगी होती.

हॉल हसला. त्यांचा प्रशिक्षक तावातावाने पंचांकडे गेला. ती बिचारी पोर म्हणे त्याला सांगत होती, "सर, त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पाय आपोआप गेले." माझी कर्णधार पुढे झाली आणि पंचांना म्हणाली, मॅडमनी गंमत केली. मीही तेच म्हटलं. समोरच्यांचं लक्ष उडवायला असं करतात कधीकधी. तू म्हणशील, ताई आणि गंमत? माणूस बदलतो.

शिवाय त्यांचा निळा आणि आमचा हिरवा, दोन्ही गडद. हॉलमध्ये कॉलेजने नवे दिवे लावले आहेत, त्यांचा उजेड म्हणजे उपकार. ऑफिसला मी तक्रार दिली आहे.

बाकी खेळ तोच आहे, तू सोडून गेलीस तेव्हाचा. पाच मुली, पाच जागा. चेंडू माणसाला द्यायचा नाही, जागेला द्यायचा. जागेवर माणूस असायलाच हवं. तोंड बंद, पाय चालू. यावरूनच आपलं बिनसलं. तुला मुलींना पळवायचं होतं, मला नाही. माझ्या शेजारी बेंचवर बसून तू दहा वर्षं माझा हा खेळ बघितलास आणि एक दिवस एकदम तुला तो शिळा वाटायला लागला. त्या दिवशी आणखी जे बोललीस ते रागाच्या भरात बोललीस असं मी धरून चालते.

ताई


२६ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन पानांच्या पत्राला तीन शब्द: "डोळे दाखवलेस का?" तेही उघड्या कार्डावर, म्हणजे वाटेत सगळ्या टपाल खात्याने वाचलं. मी खेळाबद्दल लिहिलं होतं. आजही खेळाबद्दलच लिहिते.

मुली बोलायला लागल्या आहेत. सामन्यात, सरावात, सारख्या. "चिमणी निघाली, डावीकडून!" "जिराफ रिंगखाली, एकटी!" "डावरी, मागे निळी, मागे निळी!" चिमणी म्हणजे आमची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ. डावरी डाव्या हाताची, लांबून टाकते. पहिल्या दिवशी मी शिटी वाजवून सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, हे कोर्ट आहे की बाजार? भाव कसला चाललाय?

कर्णधार म्हणाली, "मॅडम, बोललं की पाय हलतात."

"आजवर तोंडाशिवायच हलत होते."

"हो मॅडम," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या मुलीला 'हो' म्हणून आपलंच करायची कला आहे. पूर्वी हे मी आणखी एकीत बघितलं आहे.

मी सोडून दिलं, कारण सांगते. आवाजावरून कोण कुठे आहे ते कळतं म्हटल्यावर कोणाला जागा धरून उभं राहायची गरजच उरली नाही. जिराफ बाहेर येऊन पास द्यायला लागली. चिमणी रिंगखाली घुसायला लागली, अगदी म्हशींच्या पायांतून कोंबडी निघावी तशी. चेंडू आमच्या टोकाकडून त्यांच्या टोकाला जाईपर्यंत पूर्वी समोरचे परत येऊन, पाणी पिऊन उभे असायचे. आता ते वळतात तोवर टाकून झालेलं असतं. माझ्या पाच जागा तीन आठवड्यांत मोडल्या. आम्ही दोन सामने खेळलो, दोन्ही जिंकलो, आणि दुसरा तर असा की मला समोरच्यांची दया आली.

परवा वर्तमानपत्राचा क्रीडा बातमीदार आला होता. म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं तुमच्या मुली मुक्याने खेळायच्या. हा बोलका खेळ तुम्ही कसा शोधलात?"

मी म्हटलं, "अनुभव."

एवढंच. त्याने फोटोसकट छापलं. प्राचार्यांनी ते कात्रण फलकावर लावलं आहे. मी खोटं काही बोललेले नाही. त्याने विचारलं, मी एक शब्द दिला, त्याचा अर्थ त्याने लावला.

घरात रंगकाम काढलं आहे. रंगारी बोळात उभा राहून म्हणाला, "बाई, घरात लहान मूल आहे का? भिंतीला हाताचा पट्टा आहे, पार टोकापर्यंत."

"नाही."

"मग कोणी म्हातारं?"

मी म्हटलं, तुम्ही रंग लावा, जनगणना नको. आपल्या जुन्या घरात आईच्या बोटांनी भिंतीवर असाच करडा पट्टा पडला होता, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत, आठवतं? आपण त्याला आगगाडीचा रूळ म्हणायचो. रंगाऱ्याला मी ती एक भिंत गडद रंगवायला सांगितली आहे.

ताई


३० सप्टेंबर

धाकटे,

या वेळी तुझं कार्ड आलं नाही. त्या कार्डाची वाट बघितली असं नाही.

गेल्या सोमवारी सरावाआधी मी चेंडूंच्या खोलीत गादीवर बसून हवा भरत होते. हे काम मी कोणाला देत नाही, तुला माहीत आहे. चेंडू हाताला कळतो, डोळ्यांनी बघून काही उपयोग नसतो. दार लोटलेलं होतं. बाहेर बुटांच्या नाड्या बांधत कर्णधार आणि चिमणी बोलत होत्या.

"नुसतं 'इकडे, इकडे' काय करतेस गं? इकडे म्हणजे कुठे? मॅडमना काय कळणार त्यातून?"

"अगं, धाप लागते. पळू की बोलू?"

"दोन्ही. नाव घे, बाजू सांग, मागे कोण आहे ते सांग. आणि बेंचसमोरून जाताना जरा मोठ्याने."

"आणि मॅडम ओरडल्या तर?"

"ओरडू दे. ओरडल्या म्हणजे कळलं."

चिमणी हसली. मग म्हणाली, "आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे का?"

"वेडी आहेस का? त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. आणि मग आपल्या बोडक्यावर कोण येईल? कोणीतरी बेंचवर बसून मोबाइल बघणारा."

मी उठून दार उघडायला हवं होतं. नाही उघडलं. हवा भरत राहिले. हातातला चेंडू फुगून दगड झाला तेव्हा लक्षात आलं.

आता लपवण्यात अर्थ नाही, निदान तुझ्यापासून. मला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. नळीत एक मुलगी मावते. कधी एक बूट. ती कोण हे ठरवेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून मला त्या पाच जागा हव्या होत्या. मुलगी जागेवर असेल तर ती दिसायची गरज नव्हती. ती तिथे आहे हे मला माहीत असायचं. तू तेव्हा तेच म्हणालीस, सामन्याहून परत येताना, टॅक्सीत: "ताई, तू खेळ बघत नाहीस, आठवतेस." आणि मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होतीस. मी टॅक्सी थांबवून तुला उतरायला सांगितलं. तू उतरलीस, आणि मग शहरातूनच गेलीस. यातलं काही विसरलेले नाही. आपलं खेळावरून बिनसलं असं मी लोकांना सांगत आले, आणि पहिल्या पत्रात तुलाही सांगितलं. म्हणजे हद्द झाली.

पण एक सांगू? गेल्या शुक्रवारच्या सामन्यात मी डोळे मिटून बसले. अगदी पूर्ण सामना नाही, थोडा वेळ. आणि मला सगळं कोर्ट दिसलं. चिमणी उजवीकडून सुटली, निळी तिच्या खांद्याला लागून, डावरी रेषेबाहेर थांबलेली, जिराफ पाठीने वाट अडवून उभी, कर्णधार सगळ्यांच्या मागे. दहाच्या दहा, एकाच वेळी. दोन वर्षांनी. माझ्या अंगावर काटा आला. मी टाइमआउट घेतला आणि काय सांगावं सुचेना, म्हणून डावरीला केस नीट बांधायला सांगितलं.

म्हणून मी गप्प बसले. या मुली जे बोलतात ते माझ्यासाठी बोलतात, हे कळूनही. उलट दुसऱ्या दिवशी जास्तच ओरडले, त्यांना वाटावं की सगळं पोचतंय. आणि गेल्या रविवारी तर कमाल झाली. दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक मुलींना बोलतं कसं करायचं ते शिकायला आले होते. मी खडू घेऊन फळ्यावर बाण काढले. भाषण केलं. टाळ्या पडल्या. एक जण सगळं लिहून घेत होता.

हे तू कोणाला सांगणार नाहीस असं धरून चालते.

ताई


१२ नोव्हेंबर

धाकटे,

जिराफचा जबडा मोडला आहे. दोन ठिकाणी. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले आहेत, दीड महिना तोंड उघडायचं नाही. नळीने पातळ घालतात.

उपांत्य सामना होता. आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो. समोरच्यांनी टाकलेला चेंडू बोर्डावरून उसळला. पुढचं मुलींनी मला नंतर सांगितलं तसं: जिराफने उडी घेतली, चेंडू दोन्ही हातांत आला, ती खाली आली. त्या क्षणी नजर कुठे हवी हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तिने चेंडू छातीशी घेतला आणि तोंड बेंचकडे वळवलं. माझ्याकडे. "मॅडम," एवढं म्हणाली. पुढचं मला ऐकू आलं नाही, हॉलमध्ये गोंगाट होता. समोरून चेंडूसाठी झेपावलेल्या मुलीचं कोपर तिच्या जबड्यावर बसलं. त्या मुलीची चूक नव्हती. जिराफ समोर बघत असती तर तिला ते येताना दिसलं असतं.

आवाज मला ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा. मग कोणीच काही बोलेना. इतके दिवस सारख्या बोलणाऱ्या मुली एकदम गप्प झाल्या, आणि मला काहीच दिसेना. मी विचारत होते, "कोण आहे? कोण पडलंय? अरे, कोणीतरी बोला!" सगळ्या हॉलने ऐकलं असणार. कर्णधाराने येऊन माझा हात धरला आणि मला कोर्टवर नेलं. चारचौघांत. मी नेऊ दिलं.

सामना आम्ही जिंकला. कसा ते मला विचारू नकोस.

दवाखान्यात तिची आई बसली होती. शिवणकाम करते, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहिलेली. मी नमस्कार केला. तिने केला नाही.

"तुम्हाला सांगायला वळली ती," म्हणाली. "घरी सुद्धा तेच. आरशासमोर उभी राहून बोलायची. डावी मोकळी, उजवी मोकळी. मी म्हटलं, अगं, हे काय खूळ? तर म्हणाली, आमच्या मॅडमना दिसत नाही, कोणाला सांगू नकोस."

"मी सांगितलं नाही कोणाला," ती म्हणाली. "माझी चूक झाली. सांगायला हवं होतं. दिसत नाही तर घरी बसावं माणसाने. माझी पोर म्हणजे काय तुमची काठी?"

जिराफने आईचा पदर ओढला, नको म्हणून. मग उशाशी असलेल्या कागदावर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. अक्षर बारीक. मी तो कागद जवळ नेला, लांब नेला. एक काना सापडला, एक अनुस्वार, त्यांना जोडणारं काही सापडेना. शेवटी तिच्या आईने तो माझ्या हातातून घेतला आणि वाचला. रागातच वाचला, पण वाचला.

"मी बोलले ते ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला बरं वाटलं असावं.

मुलींना मी काय शिकवत आले, तुला पाठ आहे. आता त्यातलं पहिलं, तोंड बंद, ते या पोरीचं झालं आहे, आणि तेही तारेने. रोज तिच्या उशाशी जाऊन बसते. तिची आई आता नमस्कार करते. बोलत नाही.

ताई


२० नोव्हेंबर

धाकटे,

डोळे दाखवले.

डॉक्टरीण तरुण आहे, आपल्या मुलींपेक्षा थोडी मोठी. एका मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावून हातात बटण दिलं. ठिणगी दिसली की दाबा, म्हणाली. मी बराच वेळ बसले. मग म्हटलं, "सुरू करा आता."

ती म्हणाली, "सुरू आहे."

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंब घालून राखायची. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं तिने वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं. शहाणी आहे. आईलाही हेच असणार. आपण वय झालं म्हणून सोडून दिलं. मग तिने विचारलं, "भावंडं आहेत का?" आहे एक, म्हटलं. "मग त्यांना ताबडतोब तपासायला सांगा. हे घराण्यातून येतं आणि सुरुवातीला काही कळत नाही."

तेव्हा ऐक. तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेस. तुझं अजून काही गेलं नसेल. हे पत्र खाली ठेवून डॉक्टरची वेळ घे. मला रागवायचं असेल तर तिथे रांगेत बसून रागव. ही विनंती नाही.

प्राचार्यांना सगळं सांगितलं. फलकावरचं कात्रण मी स्वतः काढलं. त्या बातमीदारालाही फोन केला. तो म्हणाला, ही आणखी मोठी बातमी आहे. मी म्हटलं, मोठी असो की धाकटी, खरी छापा.

मग मुलींना कोर्टवर गोलात बसवलं. मला वाटलं होतं कोणीतरी चकित झाल्याचं तरी दाखवेल. कोणी नाही.

कर्णधार म्हणाली, "मॅडम, अंतिम सामना महिन्यावर आला. आम्ही आता बेंचकडे अजिबात बघणार नाही. नुसतं बोलू."

"बोलाल तर बघाल. माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे वळतो. जिराफ काय मूर्ख होती?"

"मग बोलणं बंद करायचं?"

"नाही. एकमेकींशी बोला. माझ्याशी नाही."

"म्हणजे तुम्ही जाणार."

तिने नाक ओढलं. चिमणी म्हणाली, "बघ, मी सांगत होते, मोबाइलवाला येणार." कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, "कोण येणार ते मी सांगते. ऑगस्टमध्ये मागितला होतास तो पत्ता आता लिहून घे."

कर्णधार म्हणाली, "मॅडम, तो मी तेव्हाच ऑफिसमधून घेतला होता."

"लिहिलंस तिला?"

"हो. त्या मुलीला तुम्ही कोपऱ्यात पाठवलंत, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. विचारलं, काय करू. त्यांचं उत्तर आलं. नाव घ्या, बाजू सांगा, मागे कोण ते सांगा. मोठ्याने. आणि ताईला कळू देऊ नका."

तर असं आहे. मी 'अनुभव' म्हणाले तो तुझा होता. फळ्यावर बाण काढले ते तुझे. टाळ्या तुझ्या. तुला मुलींना पळवायचं होतं, तू पळवलंस, चारशे मैलांवरून, माझ्याच शिटीवर. आणि मला मात्र तीन शब्दांचं कार्ड.

यावर मला राग यायला हवा. थोडा आलाही. एक स्पष्ट लिहिते, कारण आपल्यात आता गोड बोलून चालणार नाही: जिराफच्या जबड्यात तुझाही वाटा आहे. तू मला सांगून टाकायला हवं होतंस, प्राचार्यांना सांगायला हवं होतंस, मुलींच्या गळ्यात माझं ओझं घालायला नको होतं. पण तू सांगितलं होतंस. टॅक्सीत. आणि मी तुला उतरवलं. तेव्हा मोठा वाटा माझा, आणि तो कोणाला देता येत नाही.

अंतिम सामन्यापर्यंत संघ कोणाकडे द्यायचा हे प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. मी तुझं नाव दिलं आहे. यायचं की नाही ते तू ठरव. मुलींना एकदा सरावात नुसती बघ, मग ठरव.

ताई


५ डिसेंबर

धाकटे,

तू सोमवारी पोचतेस हे मला कर्णधाराकडून कळलं. मला कळवलं नाहीस. ठीक आहे.

डोळे तपासून घेतलेस का ते तिने विचारलं नाही म्हणे. मी विचारते आहे.

खाली लिहिलं आहे ते सोमवारी सकाळी तुझ्या ताब्यात मिळेल. काय कुठे आहे ते कर्णधार दाखवेल, मी तिथे असेन किंवा नसेन. ओळी तिरक्या गेल्या असतील तर चालवून घे. मी लिहिते तेव्हा ओळीचं एक टोक दिसतं, दुसऱ्या टोकाला ती कुठे उतरली ते समजत नाही.

चेंडूंच्या खोलीची किल्ली. कुलूप जुनं आहे, किल्ली थोडी वर उचलून फिरवावी लागते. जोर केलास तर मोडेल.

चेंडू, सगळे. त्यातला एक दगडासारखा फुगलेला आहे. त्याची हवा मी मुद्दाम कमी केलेली नाही. तू कर.

हिरवे पोशाख. निळ्याशी सामना असेल तर पांढरे मागून घे. ऑफिस नाही म्हणेल. बसून राहा, उठू नकोस.

कर्णधार. हिला 'हो' म्हणायची सवय आहे. त्यावर विश्वास ठेवू नकोस, बाकी सगळ्यावर ठेव.

चिमणी. पळताना धाप लागते. तिला कमी बोलायला सांग. बोलण्याचं काम डावरी करेल, ती उभी असते.

जिराफ. तार अजून आहे. सरावाला येऊन बेंचवर बसते, आणि मी तिथे असले तर कोण कुठे आहे ते माझ्या तळहातावर बोटाने दाखवते. मी तिला नको म्हटलं, ती ऐकत नाही. पुन्हा खेळायचं की नाही हे डॉक्टर आणि तिची आई ठरवतील. तू नाही, मी नाही.

पाच जागा. मोडल्या आहेत. पुन्हा मांडू नकोस. पण घाबरल्या म्हणजे मुली अजून तिथेच पळतात, तेव्हा त्या कुठे होत्या तेवढं लक्षात ठेव.

बोलण्याची सवय. ही माझी नव्हती. तुझी तुला परत. मोडू नकोस. फक्त चेंडू हातात असताना कोणाचंही तोंड बेंचकडे वळता कामा नये, बेंचवर कोणीही बसलेलं असो.

शिटी. दिली.

बेंचवरची माझी जागा, कोर्टकडे तोंड करून पहिली. दिली.

तिच्या शेजारची, जिथे तू दहा वर्षं बसलीस, ती माझ्याकडे नव्हतीच, म्हणून देता येत नाही. ती अजून रिकामी असेल तर मला हवी आहे. उत्तर कार्डावर लिहू नकोस, मला वाचता येणार नाही. येऊन बोल. नाव घे, बाजू सांग, मोठ्याने.

ताई